टेक्सासमध्ये जुनी रेमिंग्टन ५९१ रायफल (५ एमएम रिमफायर काडतुसाची) विकायला आहे. घ्यावी, की .१७ एचएमआर काडतुसाची रायफलच बरी?

‘दम नव्हता म्हणून ५ एमएम काडतूस बंद पडलं,’ असं गन शॉपच्या काउंटरवरचा माणूस तुम्हाला सांगेलच. त्या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून आधी आकडे बघा.

रेमिंग्टनचं मूळ ५ एमएम काडतूस ३८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २,१०० फूट प्रति सेकंद वेगाने सोडायचं. नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे ३७२ फूट-पौंड. .२२ मॅग्नम ४० ग्रेनला १,९०० फुटांच्या आसपास, म्हणजे ३२० फूट-पौंड. ज्याचं सगळीकडे कौतुक चालतं ते .१७ एचएमआर १७ ग्रेनला २,५५० फूट देतं, म्हणजे जेमतेम २४५. प्रेअरी डॉगवर (बिळात राहणारा खारीच्या जातीचा प्राणी) दीडशे यार्डांवरून नेम धरला आणि आडवा वारा सुटला, की १७ ग्रेनची गोळी भरकटते. दम कोणात कमी होता ते तुम्हीच ठरवा.

बंद पडण्याचं खरं कारण रिम, म्हणजे काडतुसाच्या बुडाची बाहेर आलेली कडा. रिमफायरमध्ये फायरिंग पिन याच कडेवर आपटते. ५ एमएमच्या रिमचा व्यास सुमारे ८.३ मिमी, .२२ मॅग्नमचा ७.५ मिमी. टरफलही बुडाशी जास्त जाड, आणि दाब ३३,००० पीएसआयच्या घरात. .२२ मॅग्नम २४,००० वर थांबतं. त्यामुळे दुसऱ्या कंपनीला ५ एमएमची रायफल काढायची, तर नुसती नळी बदलून भागत नव्हतं. बोल्टचं (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) तोंड नवं, एक्स्ट्रॅक्टर (टरफल बाहेर ओढणारा आकडा) नवा, मॅगझिन नवं आणि लॉकिंगही तेवढं भक्कम लागणार. एवढा खर्च कुणीच केला नाही. १९७०च्या सुमाराला रेमिंग्टनच्या दोनच रायफली आल्या, मॅगझिनवाली ५९१ आणि नळीखाली ट्यूब असलेली ५९२. १९७४ला दोन्ही बंद. एकूण पन्नासेक हजार रायफली विकून कंपनी बाजूला झाली, मग काडतुसंही थांबली आणि लोकांच्या कपाटात रायफली तशाच पडून राहिल्या.

याउलट २००२ साली आलेलं .१७ एचएमआर म्हणजे मान (गोळी धरणारा तोंडाकडचा भाग) आवळलेलं .२२ मॅग्नमच. रिम तीच, बोल्ट तोच, मॅगझिनही बहुतेक तेच. नळी बदलली की रायफल तयार, म्हणून सगळ्या कंपन्या धावल्या. २००४चं .१७ एचएम२ .२२ एलआरच्या, म्हणजे नेहमीच्या साध्या .२२ काडतुसाच्या, घराण्यातलं. मध्यंतरी त्याचे हाल झाले, पण रिम ओळखीची असल्यामुळे ते परत उभं राहू शकलं. .१७ डब्ल्यूएसएम मात्र खिळे ठोकायच्या बंदुकीच्या काडतुसावरून बनवलंय. २० ग्रेनला ३,००० फूट, ताकद भरपूर, पण रिम वेगळी, त्यामुळे रायफली मोजक्याच. कुठलंही नवं रिमफायर टिकेल का हे बघायचं असेल, तर वेगाचा तक्ता बाजूला ठेवा आणि आधी रिम बघा.

आता ५९१बद्दल. रिमफायरचं टरफल पुन्हा भरता येत नाही, तेव्हा सगळी मदार कारखान्याच्या काडतुसांवर. २००८च्या सुमारास मेक्सिकोच्या आगिलाने ३० ग्रेन, २,३०० फूट अशी नवी काडतुसं काढली, आधी सेंच्युरियन नावाने. ती सलग मिळत नाहीत. लॉट येतो, संपतो, मग बराच काळ शांतता. दरही .२२ एलआरच्या कितीतरी पट. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: रायफलीसोबत निदान पाचशे काडतुसं हाती येत असतील तरच पैसे काढा. जुन्या रेमिंग्टनच्या पेट्या मिळाल्या, तर प्रत्येक काडतुसाची मान उजेडात फिरवून बघा. केसाएवढी चीर दिसली तरी ते बाजूला ठेवा. भरलेल्या जुन्या पेटीला तसेही संग्राहक पैसे मोजतात.

रायफल हातात घेतल्यावर सर्वात आधी मॅगझिन. ते प्लॅस्टिकचं आहे. काडतूस धरून ठेवणाऱ्या ओठांना तडा असेल, तर गोळीचं नाक खाली जाऊन अडकतं. सुटं मॅगझिन शोधायला गेलात तर किंमत ऐकून घाम फुटेल. मॅगझिन नसलेली ५९१ ही एकेक काडतूस घालायची रायफल समजूनच भाव करा. नंतर बोल्ट काढून चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा) कडेवर टॉर्च मारा. रिकाम्या चेंबरवर घोडा दाबत बसायची सवय आधीच्या मालकाला असेल, तर फायरिंग पिनने त्या कडेवर खळगा पाडलेला असतो. मग काडतूस पूर्ण बसत नाही किंवा टरफल निघताना अडतं. उडवलेलं टरफल मिळालं तर रिमच्या वरचा भाग फुगलाय का ते बघा. फुगला असेल तर गनस्मिथने हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि रिम टेकते ती कडा यांतलं अंतर) मोजल्याशिवाय रायफल चालवायची नाही. पिनचा ठसा उथळ दिसला, तर बहुतेक वेळा बोल्टमधलं जुनं ग्रीस गोठलेलं असतं. ते धुऊन काढलं की पुष्कळदा काम भागतं. नळीवर कोरलेला बोअरही (कुठल्या काडतुसाची नळी ते) वाचा, कारण काडतुसं मिळेनात तेव्हा काहींनी नळीच बदलून घेतली.

साफसफाईला .२२चा रॉड आत जाणार नाही. २० कॅलिबरचाच घ्या. .२०४ रूगरचे ब्रश आणि जॅग (रॉडचं कापड धरणारं टोक) इथे चालतात.

.१७ एचएमआर विचारलंत, तर महिन्याला दोन-तीन पेट्या उडवायच्या असतील आणि दुकानात जाऊन लगेच हव्या असतील तर तेच घ्या, वाद नाही. हाताशी एकच रायफल ठेवणार असाल तरीही तेच.

आणि एक राहिलंच. तुम्ही एच-१बीवर असाल, तर फेडरल कायद्याप्रमाणे सरसकट बंदूक बाळगता येत नाही. राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमीचा अपवाद. ते आधी काढा आणि त्याची मुदत संपू देऊ नका. ग्रीन कार्ड असेल तर हा प्रश्न येत नाही. रेंजवर नेलेली बॅग मात्र भारतात येताना वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तरी शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, मग ते ५ एमएम आहे की .२२ हे कुणी विचारत नाही.