२८ अंशांचा बाक: ब्रेस आत्ता की सहा महिन्यांनी?

ताई, मुलगी १२ वर्षांची, स्कोलिओसिसचा, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वळण्याचा, बाक २८ अंश, पाळी अजून आलेली नाही, डॉक्टरांनी ब्रेस (धडाभोवती घालायचं कडक कवच) सांगितलाय. तर आधी सहा महिने नुसता व्यायाम करून बघावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर थांबू नका. माझ्या लेकीने ब्रेस वापरलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नुसत्या २८ या आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. उंची थांबलेल्या मुलीला एवढाच बाक असता, तर बहुधा ‘लक्ष ठेवू’ म्हणाले असते. पाळीच्या आधीच्या काळात उंची झपाट्याने वाढते आणि बाक वाढण्याचा धोकाही तेव्हाच जास्त. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये ‘रिसर’ (हाडांची वाढ किती झालीय ते सांगणारा आकडा) ० किंवा १ असेल तर वाढ बरीच बाकी आहे असं समजा. तुम्ही थांबणार ते सहा महिने नेमके त्यातलेच.

ब्रेसने पाठ सरळ होईल ही आशा मात्र ठेवू नका. बाक ४५-५० अंशांवर, म्हणजे ऑपरेशनपर्यंत जाऊ नये, एवढ्यासाठी तो असतो. २०१३ साली अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रेस लावलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला, ब्रेस न लावलेल्यांत ४८ टक्के. म्हणजे काहींचं ब्रेसशिवायही निभावतं, पण ते कोण हे आधी नक्की कळत नाही. रोज सरासरी १३ तासांहून जास्त ब्रेस घालणाऱ्यांत मात्र यश ९० टक्क्यांच्या पुढे होतं. कपाटात ठेवलेल्या ब्रेसचा काय उपयोग!

श्रॉथ पद्धतीचे, म्हणजे स्कोलिओसिससाठीचे खास व्यायाम जरूर करा, पण ब्रेसच्या जोडीने. मालिशने बाक जात नाही. आणि दप्तराला दोष देऊ नका, त्याने स्कोलिओसिस होत नाही.

आता रोजचं. आत बिनशिवणीचा, अंगाला चिकटून बसणारा सुती बनियन, सुरकुती अजिबात नको. पट्टा किती आवळायचा तिथे पेनाने खूण करून ठेवा, नाहीतर तो रोज थोडा थोडा सैल होत जातो. ब्रेस काढल्यावर कातडी लाल दिसेल. अर्ध्या तासात लाली गेली तर ठीक, राहिली किंवा फोड आला तर ब्रेस बनवणाऱ्याकडे जाऊन पॅड बदलून घ्या. त्या जागी क्रीम लावू नका, कातडी मऊ पडून जास्त सोलते.

ब्रेस घातलेला असतानाचा एक्स-रे काढणार का, हे विचारून घ्या; त्यात बाक किती कमी दिसतो त्यावरून ब्रेस नीट बसलाय का ते कळतं. पुढे दोन एक्स-रेंत ३-४ अंशांचा फरक आला तर घाबरू नका, मोजण्यातच तेवढं इकडेतिकडे होतं. पाठ सतत दुखत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा छातीच्या भागातला बाक डावीकडे असेल, तर एमआरआयबद्दल पुढच्या भेटीची वाट न पाहता विचारा.