आभार झाल्यावर थांब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

"बाई, नाशकात साहित्याचं काही घडतच नाही, पुण्याला खोली बघू का?" हा तुझा निरोप परवा रात्री वाचला. आधी राग आला, मग काळजी वाटली. अंबडच्या कारखान्यात पाळी करून येतोस, सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत सगळे झोपल्यावर लिहीत बसतोस, हे मला ठाऊक आहे. असा मुलगा शहर सोडायला निघालाय आणि त्या शहरात कोण लिहितं याचा त्याला पत्ता नाही. म्हणून फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू "हो बाई, हो बाई" म्हणून मोकळा होतोस.

तू म्हणतोस की दोन कार्यक्रमांना गेलो होतो. विचारल्यावर कळलं, शेवटच्या रांगेत बसलास, भाषण ऐकलंस आणि आभार सुरू होताच उठलास, कारण बस चुकली असती. तसं असेल तर तू भाषण ऐकून आलास, बाकी काही नाही. भाषण यूट्यूबवरही मिळतं. कार्यक्रमाला गेलं की आभार झाल्यावर थांबायचं असतं.

आभार झाले की पुढच्या दोन रांगांतले पाहुणे गाडीकडे जातात. उरतात ती त्या शहराची माणसं. दाराशी पुस्तकांचं टेबल अजून मांडलेलं असतं. स्वतःच्या खर्चाने संग्रह काढलेला एखादा कवी पिशवीतून चार प्रती काढून कोणाकोणाला देत असतो. फाटकाबाहेर चहाच्या गाडीपाशी पाच-सहा जण उभे असतात आणि मघाच्या वक्त्याशी कुठे पटलं नाही ते मोठ्याने बोलत असतात. पुढच्या रविवारी कोणाच्या घरी कविता वाचायच्या हे तिथे ठरतं. त्याची निमंत्रणपत्रिका निघत नाही, पेपरात 'आजचे कार्यक्रम'मध्ये ओळ येत नाही. तिथे उभा असेल त्यालाच ते कळतं. तू त्या वेळी बसथांब्यावर होतास.

जागा तुला ठाऊक असायला हव्यात, तरी लिहिते. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, 1840 सालचं आहे. तुझ्या पुण्यातही इतक्या जुन्या संस्था बोटांवर मोजाव्या लागतील. तिथे वर्गणी भर, आणि पुस्तक बदलून लगेच पळू नकोस. देवघेवीच्या खिडकीवर विचार, "आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांची पुस्तकं दाखवाल का?" हा प्रश्न विचारणारा तरुण आला की ग्रंथालयातल्या माणसांना किती बरं वाटतं, ते अनुभवून बघ. गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक आहे, तिथल्या विशाखा सभागृहात छोटे कार्यक्रम होत असतात. आणि मे महिन्यात संध्याकाळी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. उघड्यावर, विनामूल्य, शंभरी ओलांडलेली. यातल्या कुठल्याही ठिकाणी गेलास तरी अट एकच, आभार झाल्यावर थांबायचं.

पुण्याचं म्हणशील तर तात्यासाहेब शिरवाडकरांचा जन्मच पुण्याचा, 1912 चा. त्यांनी सिनेमात काम केलं, पुण्या-मुंबईत वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या, आणि मग ते नाशकात येऊन राहिले ते 1999 मध्ये जाईपर्यंत. ज्ञानपीठ मिळालं तेव्हा ते टिळकवाडीतच राहत होते. रहिमतपूरचे वसंत कानेटकर एच.पी.टी. कॉलेजात शिकवायला आले आणि इथलेच झाले. मुंबईची रंगभूमी त्यांच्या नाटकांची वाट बघत असायची आणि ते नाटकं इथे बसून लिहायचे. शहर लहान म्हणून लिखाण लहान होतं, हे तुला कोणी शिकवलं? मी तर नाही.

पण या दोन नावांपाशी थांबलास तर माझ्यासारखंच होईल, आणि ते मला नको आहे. आमच्या लहानपणी नाशिकचा लेखक म्हटलं की हीच दोन नावं घेतली जायची. शाळेत तीच, घरी तीच. नाशिकरोडला लागून असलेल्या विहितगावात बाबूराव बागूल जन्मले, 1963 साली त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाने मराठी कथेची भाषा बदलून टाकली, आणि आम्ही नाशकातच राहून ते वाचलं नव्हतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. त्यांची गाणी चौदा एप्रिलला लाउडस्पीकरवरून आमच्या गल्लीपर्यंत यायची. ती कोणी रचली हे आमच्या घरात कोणी सांगितलं नाही. हा माणूस 2004 पर्यंत आपल्यात होता. बागुलांना 2007 साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. त्याच वर्षी अरुण काळे गेले. जागतिकीकरणाच्या रेट्यात शहर कसं बदलतं, कारखान्याच्या भोंग्यावर माणूस कसा जगतो, हे ज्याने कवितेत आणलं तो कवी तुझ्या शहरातला. तू रोज अंबडला जातोस आणि तू त्यांना वाचलेलं नाहीस! सावानात माग. नसेल तिथे तर मला सांग, माझी प्रत देते, पण परत हवी.

या माणसांशी मला बोलायचं होतं. अजूनही हे मनात आलं की बेचैन होते. म्हणून तुला सांगते, जे आज हयात आहेत, ज्यांच्या नावाचं सभागृह अजून झालेलं नाही, त्यांना आत्ता शोध. ते शहाण्यासारखे मंचावर बसून तुझी वाट बघत नसतात. खुर्च्या उचलायला लागलेल्या पोरांना मदत करत असतात. आभार झाल्यावर थांबलास तरच दिसतील.

संमेलनांबद्दल विचारलंस. अखिल भारतीय संमेलन आपल्याकडे 1942 ला झालं, अत्रे अध्यक्ष होते. मग 2005 ला केशव मेश्राम. मग डिसेंबर 2021 ला आडगावच्या बाजूला, जयंत नारळीकर अध्यक्ष होते पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. त्याच दिवसांत शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं होतं, आणि मी दोन्हीकडे गेले. काही मैत्रिणींना ते रुचलं नाही. मला त्याचं काही वाटत नाही. एका मांडवात ज्यांची नावं ऐकायला मिळाली नाहीत ती दुसऱ्या मांडवात मिळाली. मात्र संमेलनाची वाट बघत बसू नकोस. तो गावाचा उत्सव, कित्येक वर्षांनी येतो. महिन्याच्या महिन्याला वीस माणसांत जे चालतं ते तुला घडवेल.

दुसरी पाळी असली की संध्याकाळचे कार्यक्रम चुकतात, हे कारण खरं आहे, मान्य. त्या आठवड्यात सकाळी सावानात जा, दिवाळी अंक काढ, अनुक्रमणिकेत नाशिकची नावं शोध. कवितांची पानं बघ, तिथे हमखास सापडतात. नाव सापडलं की लिहून ठेव. पुढच्या आठवड्यात त्या माणसाला भेटशील तेव्हा "तुमची अमुक कविता वाचली" एवढं म्हण, आणि त्यातली एक ओळ म्हणून दाखव. बाकी परिचयाची गरज पडत नाही.

आणि एक. पहिल्या भेटीत स्वतःची वही काढू नकोस. तुला तेच करायचं आहे हे मला कळतं, तू नववीतही मधल्या सुट्टीत वही घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभा राहायचास. पण तिथे आधी ऐकायला जा. पुस्तक विकत घे, फुकट मागू नकोस, कारण छापायचा खर्च त्या माणसाने पगारातून केलेला असतो. वाच. पुन्हा जा. वही कधी काढायची ते तेच तुला विचारतील. मी हे आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्यातल्या निम्म्यांनी ऐकलं नाही आणि "नाशकात कोणी विचारत नाही" म्हणत हिंडत राहिले.

तुझी आई म्हणाली, "बाई स्वतः गेल्या नाहीत म्हणून मुलालाही अडवतात." तिला माझा निरोप दे. मला पुण्याच्या शाळेत जागा मिळत होती आणि मी घेतली नाही, हे खरं. भ्याले म्हणून घेतली नाही, असं नातेवाईक आजही म्हणतात. पुण्यात असते तर माझा संग्रह निघाला असता, असंही म्हणतात. निघालाही असता. पण इथल्या किती कवींच्या कविता मी छापून येण्याआधी, त्यांच्या खोकल्यासकट, समोर बसून ऐकल्या आहेत. ओळ खटकली तर तिथल्या तिथे सांगितली आहे, आणि पुढे पुस्तकात ती ओळ बदललेली पाहिली आहे. त्यावर माझं नाव नाही. मला ते नको होतं. मी राहिले कारण मला इथे राहायचं होतं, आणि हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

तुला मी अडवत नाही. नोकरीसाठी जायचं असेल तर उद्या जा, डबा बांधून देईन. पण इथे काही नाही म्हणून जाणार असशील तर ते चालणार नाही. इथे थांबला नाहीस तो तिथेही थांबणार नाहीस. पुण्यातही आभार सुरू होतील आणि तू पीएमपी पकडायला पळशील.

तेव्हा असं कर. मे महिन्यात पहिली पाळी मागून घे. घाटावर व्याख्यानमालेला जमेल तितक्या संध्याकाळी ये, मी डावीकडे पुढे बसलेली असते. परतीच्या बसची चिंता करू नकोस, माझा भाचा तुझ्याच बाजूला राहतो, तो सोडेल. खोलीची आगाऊ रक्कम तोवर कोणाला देऊ नकोस.

तुझ्या बाई