बॉक्सिंगच्या रिंगमध्ये ऐन भरातला मुहम्मद अली आणि ऐन भरातला माइक टायसन समोरासमोर आले तर कोण जिंकेल?

अली. आता बाकीचं.

तुमच्या प्रश्नाचा माझ्या नाकाशी थेट संबंध आहे. मी एकोणीसचा आणि दादा बावीसचा असताना आम्ही एकाच जिममध्ये जायचो. मी अलीवाला, तो टायसनवाला. वाद काही मिटेना, तेव्हा एका संध्याकाळी कोच गेल्यावर आम्ही निकालच लावायचं ठरवलं. मी अली, तो टायसन, तीन राउंड, हेडगार्ड नाही (अक्कलही नाही).

मी थाटात हात कमरेपर्यंत सोडले आणि नाचायला लागलो. दादा माझ्यापेक्षा बुटका. हनुवटी छातीत रुतवून, ग्लोव्ह गालांना चिकटवून, डोकं हलवत आत घुसायचा. पहिला राउंड मी आरामात मारला. दुसऱ्यात त्याचा लेफ्ट हुक (डाव्या हाताचा, बाजूने वळवून मारलेला ठोसा) चुकवायला अलीसारखा सरळ मागे वाकलो. मान गेली तितकी मागे गेली, हुक त्याच्यापुढे बोटभर आला. नाकाचं हाड तेव्हा डावीकडे सरकलं ते आजही तिथेच आहे. तेव्हापासून चारचौघांत दादाचं एकच पालुपद: "टायसनने दुसऱ्याच राउंडमध्ये मिटवलं होतं."

मागे वाकायची खोड अलीला होती, हे मान्य. 1963 मध्ये हेन्री कूपर या बॉक्सरने आणि 1971 मध्ये पंधराव्या राउंडला जो फ्रेझरने त्याला लेफ्ट हुकनेच पाडलं. पण दोन्ही वेळा तो उठला. मी उठलो नाही. माझ्या नाकावरून अलीचा निकाल लावायचा नसतो, एवढं साधं आहे.

दादाचा दुसरा हुकमी एक्का म्हणजे ट्रेव्हर बर्बिक हा बॉक्सर. 1981 मध्ये बर्बिककडून अली हरला आणि 1986 मध्ये त्याच बर्बिकला टायसनने दोन राउंडांत झोपवलं, म्हणजे टायसन मोठा! अरे, अली तेव्हा चाळिशीला टेकला होता, ती त्याची शेवटची लढत. आणि हेच गणित लावायचं तर फ्रेझरने अलीला हरवलं, जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन राउंडांत सहा वेळा पाडलं, मग 1974 ला किन्शासात अलीने फोरमनला कसं लोळवलं? बॉक्सिंगमध्ये अ ने ब ला आणि ब ने क ला हरवलं, यावरून काहीही सिद्ध होत नाही. कोणाची शैली कोणाला जड जाते, ते बघायचं.

टायसनला जड जायचा तो उंच, लांब जॅबचा (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाचा) आणि न घाबरणारा माणूस. 1987 मध्ये 'बोनक्रशर' स्मिथने त्याला नुसतं मिठी मारून बारा राउंड काढले. अली सहा फूट तीन इंच, टायसन पाच-दहा. आत आलेल्याची मान दाबून धरायची कला अलीने 1974 मध्येच फ्रेझरशी झालेल्या लढतीत मनसोक्त वापरली होती. टायसनला तिथे काहीच करता आलं नसतं.

हां, कोणत्या सालचा कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी 1966 चा, क्लीव्हलंड विल्यम्सला तीन राउंडांत उडवणारा अली धरतोय आणि 1988 चा, मायकेल स्पिंक्सला 91 सेकंदांत संपवणारा टायसन. राउंड पंधरा. बारा असतील तर चुरस वाढेल. पहिल्या चारांत टायसनचा हुक नीट बसला तर माझं वरचं सगळं खोडून टाका.

आणि तुकड्यातुकड्यांच्या क्लिपा बघून मत बनवू नका. 1990 ची टायसन आणि बस्टर डग्लसची लढत पूर्ण बघा. जॅब मारून मारून डग्लसने दहाव्या राउंडला टायसनला आडवं केलं. त्याआधी आठव्यात टायसनने डग्लसला पाडलं होतं, तेही बघा. पडलेल्याने दहा मोजेपर्यंत उठायचं असतं; रेफरीने तेव्हा हळू मोजलं म्हणून डग्लस वाचला, असं दादा अजून म्हणतो. बोटांवर दहा मोजूनही दाखवतो, त्याच्या सोयीच्या वेगाने.