बोटीवर आठ दिवस, दोघंच

प्रश्न : आम्ही दोघंही साठीच्या आसपासची. येत्या जुलैत मुलाकडे मिशिगनला, ग्रँड रॅपिड्सला येतोय. त्याची तीस फुटी शिडाची बोट लेक मिशिगनच्या काठी मस्कीगनला असते. ह्यांची सगळी नोकरी गोदीत गेली, आणि मागच्या दोन उन्हाळ्यांत हे मुलाबरोबर बोट चालवायलाही शिकले. आता म्हणतात, या खेपेला आपण दोघंच मस्कीगनहून त्याच काठावरच्या लडिंग्टनपर्यंत जाऊन येऊ. मला पोहता येत नाही. ‘तळ्यातच तर फिरायचंय, घाबरतेस काय’ असं मुलगा म्हणतो. जावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : जावं. पण मुलाचं ते ‘तळ्यातच’ आधी डोक्यातून काढून टाका. माझं माहेर मालवणचं. पहिल्यांदा या काठावर उभी राहिले तेव्हा वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं होतं. गोडं लागलं तरी खरं वाटेना, कारण पलीकडचा काठ दिसतच नव्हता. दिसणार कसा? लेक मिशिगन दक्षिणोत्तर जवळजवळ ४९० किलोमीटर लांब, रुंद असेल तिथे १९० किलोमीटर, आणि सगळ्यात खोल जागी २८१ मीटर. भरती-ओहोटी म्हणावी अशी नाही, एवढंच काय ते तळ्यासारखं.

लाट मात्र आपल्या समुद्राहून वाईट. मालवणची लाट लांबून येते, उचलते, ठेवते. इथली आखूड आणि उभी. एकीतून बोट सावरतेय तोवर दुसरी दारात हजर. आणि पोहण्याचं म्हणाल तर आमच्या ह्यांना उत्तम पोहता येतं, त्याचा इथे फारसा उपयोग नाही. ऐन जुलैतसुद्धा उत्तरेचा वारा एक-दोन दिवस धरून राहिला की किनाऱ्याजवळचं कोमट पाणी खोल पाण्याकडे सरकतं आणि खालचं थंडगार वर येतं. काल ज्या पाण्यात पोरं डुंबत होती त्यात आज पाय घालवत नाही. म्हणून लाइफ जॅकेट. ते बोटीवर माणशी एक असणं कायद्यानं सक्तीचंच आहे, पण कपाटात ठेवलेलं जॅकेट कुणाला तारत नाही. बंदर सोडण्याआधी दोघांनीही अंगात घालायचं. आधी ह्यांना घालायला लावा, मग स्वतः.

आता धीराची गोष्ट. १९४७ मध्ये मिशिगन राज्यानं जलमार्ग आयोग नेमला. किनाऱ्याकिनाऱ्यानं कुठेही असलात तरी आसऱ्याचं बंदर पंधरा मैलांच्या आत सापडावं, या हिशेबानं मग बंदरं होत गेली. तुमच्या वाटेवर मस्कीगन, व्हाइट लेक, पेंटवॉटर आणि लडिंग्टन अशी चार आहेत. या बाजूच्या बंदरांची गंमत अशी की नदीचं तोंड वाळूच्या टेकड्यांनी अडवलं, मागे छोटं तळं साचलं, आणि एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या व्यापाऱ्यांनी टेकडीतून सरळ वाट खोदून ते मोठ्या पाण्याला जोडलं. पेंटवॉटरला त्या वाटेनं आत शिरताना मागचा लाटांचा आवाज एकदम बंद होतो. दोन्ही बाजूंच्या भिंतीवर गळ टाकून माणसं बसलेली असतात. एखादा आजोबा बोटीच्या वेगानं भिंतीवरून चालत चालत विचारतो, कुठून आलात?

या प्रवासातला सगळ्यात लांब पल्ला व्हाइट लेक ते पेंटवॉटर. वाटेत लिटल सेबल पॉइंटचा १८७४ सालचा विटांचा दीपस्तंभ दिसतो. पेंटवॉटर ते लडिंग्टन बारा-तेरा नॉटिकल मैलच आहे. पाच नॉटच्या, म्हणजे ताशी पाच नॉटिकल मैलांच्या, चालीनं अडीच तास. ह्याच अडीच तासांनी आम्हाला शहाणं केलं.

नऊ वर्षांपूर्वी लडिंग्टनला धक्क्यावरची जागा आधीच राखून ठेवली होती. सकाळी नैऋत्येचा वारा वीस नॉटच्या वर. मी म्हटलं, आज राहू. हे म्हणाले, पैसे भरलेत. निघालो. उघड्या पाण्यात एक वेळ ठीक होतं, पण लडिंग्टनच्या बाहेरच्या दोन भिंतींपाशी लाटा आपटून उलट फिरत होत्या आणि पाणी चहूकडून उकळत होतं. खाली मेतकुटाचा डबा फळीवरून उडाला आणि उघडून मोरीत पडला. परत येईपर्यंत बोटीत मेतकुटाचाच वास. वाचवलेलं भाडं किती, तर साठेक डॉलर. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पाणी परातीत ओतून ठेवल्यासारखं.

तेव्हा आठ दिवस हातात असतील तर चारच दिवस चालायचे धरा. बाकीचे चार वाऱ्याच्या नावाने सोडा. रोज सकाळी किनाऱ्याजवळचा हवामान अंदाज ऐकायचा, आणि लहान बोटींसाठी इशारा असेल तर चहा वाढवायचा. परतीच्या विमानाला लागून तर सहल ठेवूच नका. धुकंही लक्षात असू द्या, गार पाण्यावर उबदार हवा आली की ते तासाभरात उतरतं. अडकून पडायला लडिंग्टन फार छान आहे. संध्याकाळी विस्कॉन्सिनहून ‘बॅजर’ येते. १९५३ पासूनची ही कोळशावर चालणारी मोटारगाड्यांची बोट चार तासांत तळं ओलांडते. ती वळून पाठमोरी धक्क्याला लागते ते बघायला सगळं गाव जमतं. जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो, घाई कशाचीच नाही.

प्रश्न (त्याच पत्रातून) : बोटीवर दोघंच असताना भांडणं होतात असं ऐकलं. खरं का?

उत्तर : होतात, आणि जागा ठरलेली आहे. धक्क्याला लागताना. हे मागे सुकाणूवर, मी पुढे दोर घेऊन, मध्ये इंजिनाचा आवाज. ते ‘टाक!’ म्हणाले की मला ‘थांब!’ ऐकू यायचं. पहिल्या वर्षी मी दोर टाकला तो धक्क्यावरच्या माणसाच्या टोपीवर, आणि त्याचं दुसरं टोक आमच्या बोटीला बांधलेलंच नव्हतं. सगळा दोर बंदराला अर्पण. आजूबाजूच्या बोटींवरची माणसं हातातले पेले ठेवून बघत होती. बंदरातली संध्याकाळची करमणूक तीच असते.

आता आम्ही बंदराच्या बाहेरच ठरवतो. कुठल्या बाजूनं लागायचं ते रेडिओच्या चॅनल नऊवर बंदराला विचारून घेतो, फेंडर, म्हणजे धक्क्याचा मार झेलणाऱ्या उशा, त्या बाजूला आधीच सोडतो, आणि दोर आधी आपल्या बोटीला बांधतो. मग बोलणं बंद, फक्त हाताच्या खुणा. मूठ म्हणजे थांब. आणि धक्क्यावर उडी मारायची नाही, कितीही जवळ दिसला तरी. बोट लागली नाही तर फिरून परत यायचं, त्यात कमीपणा नाही. आणखी एक. आठातले दोन दिवस तरी सुकाणू तुम्ही धरा. ह्यांना चक्कर आली तर बोट वळवून आत आणणं आणि चॅनल सोळावर मदत मागणं तुम्हाला यायलाच हवं. मुलाकडून हे दोन धडे मस्कीगनलाच घ्या, तो कंटाळला तरी.

प्रश्न : स्वयंपाक आणि संडासाचं काय?

उत्तर : चालत्या बोटीत चूल पेटवायची नाही. सकाळीच भात किंवा उपमा करून थर्मासच्या डब्यात भरा. भाजणी न्या, तिला फ्रीज लागत नाही. कुकर नेलात तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा. पेंटवॉटरला आमची दुसरी शिट्टी झाली तेव्हा शेजारच्या बोटीवरचे गृहस्थ आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले होते. त्यांना वरण-भात वाढला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच येऊन विचारलं, आज शिट्टी नाही का?

संडासाची टाकी बोटीतच असते. लेकमध्ये एक थेंब सोडायला परवानगी नाही, बंदरात पंप लावून रिकामी करून घ्यायची. हे काम ह्यांचं. निघायच्या आधी ठरवून टाका.