तिकडे गेल्यावर ‘नाही’ म्हणणं आपोआप जमेल का?

तुझा प्रश्न मला समजला तो असा. ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये सपोर्ट प्रोजेक्टवर आहेस, रात्री दहाला लीडचा फोन आला तरी उचलतोस, आणि शनिवारचं डिप्लॉयमेंट, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू करायचं काम, दरवेळी तुझ्याच गळ्यात पडतं, कारण ‘जमणार नाही’ असं तुझ्या तोंडून कोणी ऐकलेलंच नाही. आता जर्मनीतली नोकरी मिळाली आहे, तर मॅनेजर म्हणतोय केटीसाठी, म्हणजे तुझं काम दुसऱ्याला शिकवून सोपवायला, अजून महिनाभर थांब. आणि तुला विचारायचंय की तिकडे गेलं की हे सगळं सुटेल ना? की तिथे नाही म्हटलं तर व्हिसावरच गदा येईल?

आपोआप काही सुटत नाही रे. मी नौपाड्यातली, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लाइन पकडून तुझ्यासारखीच ऐरोलीला जायचे. आता जर्मनीत आहे. इथे कायदा तुझ्या बाजूने आहे हे खरं, पण तुझ्या वतीने बोलायला तो येत नाही. रात्री आठला लॅपटॉप उघडून बसलास तर हात धरणारं कोणी नाही. आणि भारतातून आलेला नवा माणूस रात्रीही उत्तर देतो, हे एकदा टीमला कळलं की तुझी जागा ठरून जाते. मग ती बदलायला फार वेळ लागतो.

कायदा काय म्हणतो ते आधी डोक्यात पक्कं कर. कामाच्या वेळेचा जर्मन कायदा १९९४ चा आहे. दिवसाला ८ तास काम. गरज पडली तर १० पर्यंत चालतं, पण ६ महिन्यांची सरासरी ८ वर यायला हवी. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी काम नाही. अपवाद आहेत, पण ते अपवाद म्हणूनच वापरले जातात. तुझ्या कामात ऑन-कॉल असेल तर एक गोष्ट नीट समजून घे. घरी बसून नुसता फोनवर उपलब्ध राहिलास तर ती विश्रांती धरतात, पण रात्री दोनला फोन आला आणि तू काम केलंस, तर सर्वसाधारण नियमाने ते ११ तास तिथून पुन्हा मोजायचे. म्हणजे सकाळी नऊच्या मीटिंगला तू नसणार, आणि त्यासाठी माफी मागायची नाही. ‘रात्री दोन ते तीन प्रॉडक्शनवर (चालू सिस्टीमवर) होतो, दुपारी दोनला येतो,’ एवढं लिहायचं. आपल्या मुलांना हे वाक्य लिहिताना हाताला घाम फुटतो, मी पाहिलंय.

पण तासांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. आमच्या टीममध्ये डोंबिवलीचा एक मुलगा आला. हुशार, कष्टाळू. मंगळवारी सकाळच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, लीडने विचारलं, गुरुवारपर्यंत होईल का? हा म्हणाला, होईल. आपल्याकडे समोरचाही मनातल्या मनात दोन दिवस वाढवूनच धरतो, त्यामुळे कोणाचं काही अडत नाही. इथे लीडने तिथल्या तिथे बोर्डावर तारीख टाकली, टेस्टिंगवालीने शुक्रवार मोकळा ठेवला, ग्राहकाला मेल गेला. पोरगा दोन रात्री जागला आणि गुरुवारी सकाळी म्हणाला, थोडं राहिलंय. आवाज कोणीच चढवला नाही. लीडने फक्त विचारलं, होणार नाही हे तुला कधी कळलं? मंगळवारी दुपारी. मग मंगळवारी दुपारीच का नाही सांगितलंस? यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. दोन रात्री जागल्याचं कौतुक तर सोडच, लीडला त्याची काळजीच वाटली. पुढे बरेच दिवस त्याने दिलेली प्रत्येक तारीख दोनदा विचारून घेतली जायची.

म्हणून नकाराला भांडण समजू नकोस. इथे ती कामाची माहिती असते, आणि जितकी लवकर येईल तितकी लोकांना हवी असते. ‘हे आणि ते, दोन्ही या आठवड्यात होणार नाही. आधी काय करू?’ हे वाक्य पाठ कर. त्यात कारणांचं चऱ्हाट नको. आपण नाही म्हणायच्या आधी आईचं दुखणं, ट्रेनचा घोळ, पाहुणे, सगळं सांगतो, आणि शेवटी ‘तरी बघतो’ म्हणून हो म्हणून बसतो. माझ्या एका सहकारिणीला शुक्रवारी साडेचारची मीटिंग आली. तिने लिहिलं, साडेचारला मी नसेन, सोमवारी सकाळी चालेल. उत्तर आलं, सोमवार चालेल. विषय संपला.

नोकरी नेमकी कोणाची, हे तू लिहिलं नाहीस. जर्मन कंपनीशी थेट करार असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू. पण तुझ्याच भारतीय कंपनीने ऑनसाइट पाठवलं असेल तर गोष्ट अवघड, कारण अप्रेझल ऐरोलीतच होणार. तुला वाटेल, भारतात सकाळ झाली की इकडे मध्यरात्र असते, मग त्रास कसला? फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचारचा. ऐरोलीचे नऊ म्हणजे इथले पहाटेचे साडेपाच किंवा साडेचार. म्हणजे सकाळी ऑफशोरचे, म्हणजे भारतातल्या टीमचे, कॉल आणि दुपारनंतर इथला ग्राहक, असा दोन्हीकडून दिवस ताणला जातो. कामाच्या वेळेचे नियम जर्मनीत काम करणाऱ्या ऑनसाइटवाल्यालाही लागू आहेत, हे बऱ्याच मॅनेजरना ठाऊक नसतं किंवा ठाऊक असून आठवत नाही. पहिल्याच आठवड्यात कॅलेंडरवर सकाळी आठच्या आधीची वेळ बंद करून टाक.

व्हिसाचं. मीटिंगला नाही म्हटल्याने ब्लू कार्ड, म्हणजे कुशल कामगारांना मिळणारा राहण्या-काम करण्याचा परवाना, जात नाही. पण खोटा धीरही देणार नाही: प्रोबेशन साधारण ६ महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर, कारण न देता काढता येतं. नोकरीवरून काढण्याविरुद्धचं खरं संरक्षण ६ महिन्यांनंतर सुरू होतं, तेही १० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत. नोकरी गेलीच तरी लगेच देश सोडावा लागत नाही, दुसरी शोधायला साधारण ३ महिने मिळतात. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत प्रत्येक गोष्टीवर तत्त्वाचा झेंडा फडकवू नकोस. रिलीजच्या रात्री इथलेही लोक उशिरापर्यंत बसतात. ‘पाचला सगळे घरी’ ही नातेवाइकांना सांगायची गोष्ट आहे. तेव्हा तूही बस, फक्त तास लिहून ठेव आणि नंतर ते वसूल कर. बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं, जर्मन आलं तर ब्लू कार्डवर २१ महिन्यांत कायमचं वास्तव्य मागता येतं, नाहीतर २७. ते हातात आलं की आवाज आपोआप सरळ होतो, म्हणून क्लास आत्ताच लाव.

सही करायच्या आधी करारातलं ओव्हरटाइमचं कलम वाच. ‘सगळा ओव्हरटाइम पगारात धरला आहे’ असं मोघम वाक्य कोर्टात सहसा टिकत नाही, पण कोर्टात जातो कोण? महिन्याला किती तास ते आकड्यात लिहून माग. विचारल्याने ऑफर जात नाही.

आता मॅनेजर मागतोय तो जास्तीचा महिना. सराव ऐरोलीतूनच सुरू कर, जर्मनीत आल्यावर नाही. ९० दिवसांचा नोटीस पिरियड हा पुरेसा मोठा आहे. तेवढ्यात केटी झाली नाही तर ते तुझं अपयश नाही. मॅनेजरला केबिनमध्ये जाऊन भावनिक काही सांगू नकोस, मेल कर: शेवटची तारीख अमुक, केटीचं वेळापत्रक सोबत जोडलं आहे, ज्याला शिकवायचं त्याचं नाव शुक्रवारपर्यंत कळवा. एचआरला कॉपीत ठेव आणि तारीख मान्य असल्याचं उत्तर लेखी घे, कारण रिलीव्हिंग लेटर नवी कंपनी मागू शकते. ‘तुझ्याशिवाय प्रोजेक्ट बुडेल’ असं म्हणतील. म्हणू देत.

निघाल्यावर जुन्या टीमचे मेसेज येतच राहतील: ती स्क्रिप्ट कुठे ठेवलीस, तो जॉब अडकला तर काय करायचं. एखाद्या प्रश्नाचं तोंडी उत्तर द्यायला हरकत नाही. पण जुन्या सिस्टीमला हात लावायचा नाही, आणि नव्या कंपनीच्या लॅपटॉपवरून तर मुळीच नाही. शेवटच्या दिवशी सगळे पासवर्ड सोपवल्याचा मेल टाक आणि टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पड.