खिशातला घडीचा चाकू कसा निवडावा?

प्रश्न : आमची राजापूर तालुक्यात हापूसची बाग आहे. सुतळी कापणे, पुठ्ठ्याची खोकी उघडणे, फळ चिरणे अशा रोजच्या कामांसाठी खिशात राहील असा घडीचा चाकू घ्यायचा आहे. दुकानदार महागड्या पोलादाचा आग्रह धरतात, तर एक मित्र फ्रेंच ओपिनेल घ्यायला सांगतो. निवड कशी करावी, आणि असा चाकू जवळ बाळगणे कायद्यात बसते का?

उत्तर : आपली कामे पाहता, पोलादाच्या नावाआधी उघडलेले पाते जागेवर कसे राहते हे पाहावे, असे माझे ठाम मत आहे. साध्या घडीच्या चाकूत पाते केवळ पाठीच्या स्प्रिंगच्या दाबाने उघडे राहते. फळ चिरताना जोर धारेवर येतो आणि पाते मिटण्याच्या उलट दिशेलाच रेटले जाते, त्यामुळे तिथे भीती नसते. परंतु पुठ्ठ्यात टोक खुपसताना किंवा अडकलेले पाते हिसकून काढताना पाठीवर जोर पडला, तर तेच पाते बोटांवर मिटू शकते. आपल्याला खोकी उघडायची आहेत, तेव्हा लॉक असलेलाच चाकू घ्यावा आणि तो विकत घेण्यापूर्वी स्वतः उघडून, मिटून पाहावा. उघडलेले पाते मुठीत डावी-उजवीकडे हलत असेल, तर तो परत करावा.

ओपिनेल हा १८९०पासून बनत आलेला, फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील साव्वा प्रांताचा चाकू आहे. त्याच्या ८ क्रमांकाच्या चाकूचे पाते साडेआठ सेंटिमीटर असते, आणि ते उघडल्यावर मुठीवरचे पोलादी कडे फिरवून पक्के करता येते. पाते पातळ असल्याने तो फळ फार सुरेख चिरतो. मात्र त्याची लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पाते उघडणे अवघड होते. शिवाय त्याचा कार्बन पोलादाचा प्रकार कैरीच्या आंबटपणाने काळवंडतो व खाऱ्या हवेत लवकर गंजतो. घ्यायचाच असेल तर स्टेनलेसचा घ्यावा. कोकणात रोज वापरण्यासाठी मात्र स्टेनलेस पाते आणि फायबरची मूठ असलेला चाकू मी अधिक योग्य मानतो.

दुकानदारांचे कठीण पोलाद धार जास्त दिवस धरते हे खरे, पण पुठ्ठा कोणतीही धार बोथट करतो, आणि अशा पोलादाला घरच्या दगडावर पुन्हा धार लावणे कष्टाचे असते. थोडे मऊ स्टेनलेस, प्रत्येक बाजूला साधारण २० अंशांचा कोन राखून, काही मिनिटांत पुन्हा धारदार होते. कलमे बांधण्यासाठी मात्र हा चाकू वापरू नये. त्या कामाच्या चाकूला सहसा एकाच बाजूने धार असते, म्हणून काप सपाट येतो आणि काडी नीट बसते.

कायद्याच्या दृष्टीने, घरगुती व शेतीच्या कामाचा लहान चाकू बाळगण्यास सामान्यतः परवाना लागत नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७खाली मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यास बंदी घालता येते. अशा काळात तो बागेतच ठेवावा. कळ दाबताच पाते उडून उघडणारा खटक्याचा चाकू मुळीच घेऊ नये. विमानाने जाताना चाकू जवळच्या पिशवीत चालत नाही, तो विमानाच्या सामानात द्यावा लागतो.