जेल आधी बंद कर

प्रश्न: वय 29, नाशिकला जॉब. मागे भोवऱ्यापाशी केस विरळ झालेत आणि जे उरलेत ते उभेच राहतात. बहिणीच्या साखरपुड्यात कोणीतरी मागून काढलेला फोटो बघितला आणि हादरलोच. रोज जेल लावतो पण दुपारपर्यंत पुन्हा तेच. आई म्हणते तेल लाव, मित्र म्हणतो सरळ टक्कल कर. सहा महिन्यांनी लग्न आहे, काय करू?

उत्तर: अरे, अर्धा घोळ त्या जेलनेच घातलाय. जेलने केसांच्या ओल्या बटा होतात आणि दोन बटांच्या फटीतून टाळू चमकते, म्हणजे आहेत ते केसही कमीच दिसतात. त्याऐवजी मॅट क्ले, म्हणजे केस बसवायचा न चमकणारा घट्ट लेप घे, वाटाण्याएवढाच, तळव्यांवर नीट चोळून कोरड्या केसांना लाव. त्याआधी ड्रायरने केस भोवऱ्याच्या उलट्या दिशेने वाळव, मुळं उचलली जातात.

कटिंगला गेलास की बाजूला मशीन दोन नंबर, वर दोन बोटं केस ठेव, आणि भोवऱ्यावर मशीन नको, कात्रीनेच, वाढीच्या दिशेने काप म्हणावं. लांब ठेवून झाकायचं तर अजिबात नको. मी करून बसलोय, कानाजवळचे केस ओढून वर आणायचो आणि लोकलच्या दारात उभा राहिलो की झाकण उघडायचं!

आता आईचं तेल. खोबरेल लाव, केस कमी तुटतात, पण गेलेले परत येत नाहीत. डेंग्यू-टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात ते डोकंभर गळतात आणि बहुतेक परतही येतात. तुझं फक्त भोवऱ्यापाशी म्हणजे बहुधा घराण्यातलं, मामा-काकांची डोकी बघ. त्यासाठी त्वचेच्या डॉक्टरकडे जा, मिनॉक्सिडिल हे केसगळतीवरचं औषध देतील कदाचित. सुरुवातीच्या काही आठवड्यांत उलट जास्तच गळतात, तिथेच घाबरून लोक सोडतात. फरक दिसायला तीन-चार महिने तरी लागतात, आणि बंद केलं की पुन्हा गळती सुरू. म्हणून लग्न सहा महिन्यांवर आहे तर याच महिन्यात जा.

कटिंग लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी कर, आदल्या दिवशी नको. आणि फेटा काढला की घामाने सगळे केस चपटे होतात, करवल्याला सांगून ठेव, रिसेप्शनआधी टिश्यूने मुळं टिपायची आणि बोटांनी केस उचलायचे, कंगवा नाही.